अंगाईच्या आधी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय तान्ह्या बाळाच्या खेळाचा आणि त्याच्या झोपेचा आहे. हे ऐकून आमच्या ईटच्या पारावरचा एक मित्र म्हणाला, "कवीला आता बाळंतिणीच्या खोलीत बसवलं का?" त्याचंही खरंच आहे. मी डॉक्टर नाही, मानसशास्त्राचा प्राध्यापक नाही. बी.ए. झालो, मराठीत कविता लिहितो. पण माणूस लय पहिल्यांदा शिकतो कुठे, याचा माग काढत गेलं की तो माग शाळेच्या मागे, बोलता येण्याच्याही मागे, कुणाच्या तरी मांडीपाशी आणि थोपटणाऱ्या हातापाशी जाऊन थांबतो. तेवढ्या अधिकारावर मी बोलणार आहे. बाकीचं डॉक्टरांनी आणि संशोधकांनी लिहून ठेवलेलं वाचून.

माझी भाची पुण्याला असते. तिला पाच महिन्यांचं बाळ आहे. मध्यंतरी तिचा फोन आला. "मामू, हा रात्री दर दोन तासांनी उठतोय. इथं सगळ्याजणी म्हणतात, सेन्सरी खेळण्यांचा संच घे. मेंदूची वाढ होते, झोपही चांगली लागते. मागवू का?" तिने किंमत सांगितली आणि मी पायरीवर टेकलो. तेवढ्या पैशात आमच्याकडे एक शेळी येते. मी काही बोलणार तेवढ्यात माझ्या आईने फोन ओढून घेतला आणि तिच्या दख्खनीत सांगितलं, "दिन कू खेलाव, रात कू सोयेंगा." दिवसा खेळव, रात्री झोपेल. एवढं बोलून तिने फोन परत माझ्या हातात दिला.

म्हाताऱ्या माणसांची वाक्यं ठसक्यात असतात म्हणून ती खरीच असतात असं नाही. हे वाक्य कितपत खरं आहे, ते आपण तपासून बघू.

संवेदनखेळ हा शब्द जड आहे, गोष्ट सोपी आहे. बाळाच्या त्वचेला, कानाला, डोळ्याला, नाकाला, जिभेला काहीतरी नवं भेटतं. बाळ ते चाचपतं, तोंडात घालतं, टाकतं, पुन्हा उचलतं. हाच तो खेळ. पाच ज्ञानेंद्रियं आपण शाळेत शिकलो. त्यांच्या जोडीला अंगाचा तोल धरा. त्याची जाणीव कानाच्या आत असते आणि पाळणा हलला की तीच जागी होते. पहिल्या वर्षांत बाळाच्या मेंदूतल्या पेशींचे एकमेकींशी सांधे जुळत असतात; सेकंदाला दहा लाखांहून अधिक, असं हार्वर्ड विद्यापीठाच्या बालविकास केंद्राने मांडलं आहे. जे सांधे वापरात येतात ते पक्के होतात, जे पडून राहतात ते झडतात. शेतातल्या पायवाटेसारखंच आहे हे. ये-जा असेल तर वाट राहते, नाहीतर एका पावसाळ्यात गवत.

आणि बाळ काही कोरी पाटी घेऊन येत नाही. स्पर्शाची जाणीव त्याला सगळ्यांत आधी येते, आईच्या पोटातच. ऐकू येणंही पोटातच, सहाव्या-सातव्या महिन्यापासून सुरू होतं. १९८० साली अमेरिकेत अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या दोन संशोधकांनी अगदी दोन-तीन दिवसांच्या बाळांच्या तोंडात एक चोखणी दिली. एका लयीत चोखलं की आईचा आवाज ऐकू यायचा, दुसऱ्या लयीत चोखलं की परक्या बाईचा. बाळांनी आपली चोखण्याची लय बदलली आणि आईचा आवाज मिळवला. कवी म्हणून मला हा प्रयोग फार आवडतो. बोलता येण्याच्या वर्षभर आधी माणूस लयीच्या बदल्यात आवाज मागतो!

आमच्यात नवजात बाळाच्या उजव्या कानात अजान देतात. शेजारच्या घरी बारशाला आत्या बाळाच्या कानाशी लागून 'कुर्र' करते आणि नाव सांगते. बाळाला ऐकू येतं, हे दोन्ही घरांनी धरूनच ठेवलेलं आहे. डोळ्यांचं मात्र थोडं वेगळं. नव्या बाळाला वीस ते तीस सेंटीमीटरपर्यंतच बरं दिसतं. म्हणजे वीत-सव्वा वीत. छातीशी धरलेल्या बाळापासून आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. त्याच्या दृष्टीच्या टप्प्यातलं पहिलं खेळणं म्हणजे आईचं तोंड. हलतं, हसतं, आवाज करतं, रंग बदलतं, आणि बाळाने काही केलं की उत्तरही देतं. हा शेवटचा गुण दुकानातल्या कुठल्याही संचात नाही.

आता न्हाणीघराकडे येतो, कारण आपल्याकडचा सगळ्यांत मोठा संवेदनखेळ तिथे चालतो आणि त्याला कुणी खेळ म्हणत नाही.

मी लहान असताना गल्लीत बाळांना न्हाऊ घालणारी एक म्हातारी यायची. हिंदूंच्या घरी, आमच्या घरी, सगळीकडे तीच. ती पाटावर बसायची, लुगडं गुडघ्यावर घ्यायची आणि पाय लांब पसरायची. बाळ तिच्या नडग्यांवर. आधी तेल. आमच्या भागात करडईचं किंवा तिळाचं, ज्याच्या घरात जे असेल ते, कोमट केलेलं. छातीवरून खांद्याकडे, खांद्यावरून बोटांकडे, मग पोटावर गोल, मग मांडीवरून टाचेकडे. डावा हात उजव्या पायाला, उजवा हात डाव्या पायाला लावायचा आणि सोडायचा. तोंडाने सारखं काहीतरी चालू. त्याला अर्थ असायचाच असं नाही, ठेका असायचा. मग बाळ पालथं, पाठीवर तेल. पालथं पडलेलं बाळ मान उचलून बघायचं आणि ती त्याच्याशी बोलायची, "काय बघतुयास रं, पाटील!" मुलगी असली तर "पाटलीणबाई". मग डाळीचं पीठ आणि साय, मग तांब्याने पाणी. पाणी एकदम नाही. हातावर घेऊन, हाताच्या उतारावरून बाळावर. शेवटी जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळून आईच्या हातात. दहा मिनिटांत बाळ झोपलेलं असायचं, आणि घर दोन तास हलक्या पावलांनी चालायचं.

यात काय काय आलं बघा. स्पर्श आला, ऊब आली, तेलाचा आणि पिठाचा वास आला, ठेक्यातला आवाज आला, उताणं-पालथं होण्यातला तोल आला, आणि समोर डोळ्यांत डोळे घालून बोलणारं माणूसही आलं. डॉक्टर हल्ली सांगतात की जागं असताना बाळाला थोडा वेळ पालथं ठेवा, मान-खांदे मजबूत होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली एक मार्गदर्शिका काढली. अजून रांगत नसलेल्या बाळाला दिवसभरात मिळून किमान अर्धा तास पालथं खेळू द्यावं, असं तीत आहे. आमच्या म्हातारीच्या नडग्यांवर त्यातला चांगला हिस्सा रोज भरायचा.

दिल्लीतल्या डॉक्टरांनी मालिशीचा एक अभ्यास केला आणि तो २००० साली प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांची सव्वाशे निरोगी बाळं, चार आठवडे मालीश, वेगवेगळ्या तेलांनी, आणि एका गटाला मालीश नाही. मालीश झालेल्या बाळांची वाढ चांगली दिसली, मालिशीनंतरची झोप वाढलेली दिसली, आणि तिळाच्या तेलाचा गुण जास्त आला. त्याच्याही आधी, १९८६ साली, अमेरिकेत मायामीला टिफनी फील्ड यांनी दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना रोज ठरलेल्या वेळी हलकं चोळलं. त्यांचं वजन इतरांपेक्षा दिवसाला ४७ टक्के जास्त वाढलं. लगेच टाळ्या वाजवू नका. २०१३ साली निरोगी बाळांच्या मालिशीवरचे असे अनेक अभ्यास एकत्र ठेवून तपासले, तेव्हा त्यातले बरेचसे कच्चे निघाले. म्हणजे मालीश ही जादू नाही. बाळाला आवडत असेल, करणाऱ्याचा हात हलका असेल, तर ती चांगली गोष्ट आहे. एवढंच, पण एवढं तरी आहे.

त्या म्हातारीच्या काही गोष्टी मात्र मी आज कुणाला करू देणार नाही. नाकात-कानात तेल सोडणं, टाळू दाबून डोकं गोल करणं, बाळाची छाती पिळणं, डोळ्यांत काजळ, आणि बंद खोलीत शेगडी पेटवून धुरी. काजळात शिसं असू शकतं आणि धुराने तेवढ्याशा छातीचं नुकसानच होतं. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी सोनंही कसाला लावून घ्यावं.

आता खेळण्यांकडे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावं आपल्याला माहीत आहेत. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसोरी पद्धतीची साधनं महाग, खेड्यात कुठून आणायची? त्यांनी बिया, शंख-शिंपले, पानं, खडे गोळा केले आणि त्यातून तेच धडे दिले. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी या शब्दाचं मूळ त्या अंगणात आहे. देशात एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. त्यांची मुलं तान्ह्यांपेक्षा मोठी होती, पण विचार तान्ह्यालाही लागू पडतो. साधन जवळचं असावं, आणि जवळ माणूस असावं.

आमच्या घरातली वाकळच घ्या. जुन्या लुगड्याचा तुकडा, मांजरपाटाचा तुकडा, कुणाच्या शालूची किनार, फ्लॅनेलचं ठिगळ, आणि सगळ्यावरून धावदोऱ्याच्या उभ्या ओळी. दुकानातल्या संचात वेगवेगळ्या पोताच्या कापडाचं एक पुस्तक असतं, बाळाने हात फिरवून बघावं म्हणून. आपण बाळाला त्या पुस्तकावरच झोपवत आलो आहोत. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळाला वाकळीवर पालथं टाका आणि त्याची बोटं बघा. शिवणीवर अडतात, थांबतात, पुढे जातात.

पाळण्यावर चिमणाळं बांधायचं, लाल-काळ्या-पांढऱ्या कापडाचं. नव्या डोळ्यांना फिकट रंगांपेक्षा असा ठसठशीत फरक लवकर दिसतो. सहा महिन्यांनंतर, बाळ बसायला लागलं की, स्टीलची वाटी आणि लाकडी चमचा. घरातल्या माणसांचे कान किटतात, पण बाळाला कळतं की मी मारलं म्हणून आवाज झाला. कारण आणि परिणाम! तत्त्वज्ञानाचा पहिला तास आहे तो. परातीत दोन बोटं पाणी, कणकेचा गोळा, गार तांब्या आणि कोमट वाटी. आजी पदराआड तोंड लपवते आणि 'कुक' करून बाहेर येते. बाळ खदखदा हसतं. दिसेनासं झालेलं माणूस नाहीसं झालेलं नसतं, हे बाळाला सात-आठ महिन्यांच्या सुमाराला उमगू लागतं. म्हणून त्याच वयात आई खोलीबाहेर गेली की ते रडतं आणि रात्री जाग आली की तिला शोधतं. पदराआडचा खेळ म्हणजे आई परत येते याचा सराव आहे. झोपेचा आणि खेळाचा संबंध मला इथे सगळ्यांत जवळचा वाटतो.

संक्रांतीनंतर शेजारी बोरन्हाण असलं की मला आमंत्रण असतंच. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे. अंगावरून काहीतरी टपटप ओघळतंय, रंग उडतायत, गोड वास येतोय, बायका गातायत, पोरं उचलायला धावतायत. एकाच दिवसात सगळ्या इंद्रियांची जत्रा. तिथे दोन गोष्टी सांभाळा. बोरं, हलवा, चुरमुरे, ज्वारी, चिंचोके असलं काही तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या तोंडात जाऊ देऊ नये, घशात अडकतं. आणि बाळ कावरंबावरं झालं, तोंड फिरवलं, की तिथेच थांबा. फोटो नंतर.

तोंड फिरवणं ही बाळाची भाषा आहे. जांभई, डोळे चोळणं, मुठी आवळणं, नजर दुसरीकडे नेणं, पाठ ताणून रडणं, या सगळ्याचा अर्थ 'पुरे'. मोठी माणसं हे वाचत नाहीत. बाळ कुरकुरलं की आणखी जोरात खुळखुळा वाजवतात. मग ते थकून, चिडून, किंचाळत झोपतं. खेळ थांबवायचा केव्हा हे संचाच्या खोक्यावर छापता येत नाही, कारण ते बाळाच्या तोंडावर लिहिलेलं असतं.

आता आईचं ते वाक्य. त्यातला 'दिन' हा शब्द मी आधी नीट ऐकला नव्हता. जन्मल्यावर बाळाला दिवस-रात्र नसते. तीन महिन्यांपर्यंतचं बाळ चोवीस तासांत चौदा ते सतरा तास झोपतं, पण तुकड्या-तुकड्यांत. शरीरातलं घड्याळ साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून चालू लागतं आणि त्याला किल्ली देतो तो उजेड. २००४ साली इंग्लंडमध्ये इव्हॉन हॅरिसन यांनी सहा ते बारा आठवड्यांच्या बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. रात्री बरी झोपणाऱ्या बाळांना दुपारच्या वेळी जास्त उजेड मिळालेला होता. आमच्याकडे दुपारचं ऊन बाळाला सोसणार नाही, पण ओसरी आहे, लिंबाची सावली आहे, सकाळचं कोवळं अंगण आहे. दिवसा पडदे लावून, कुजबुजत बाळाला झोपवायचं आणि रात्री ट्यूबलाइटखाली खेळवायचं, असं केलं तर घड्याळ उलटं लागणारच. खेळ दिवसा, उजेडात. संध्याकाळी आवाज खाली, दिवा खाली, आणि रोज तोच क्रम. अंग पुसणं, दूध, गाणं, थोपटणं. क्रम कळला की पुढचं काय येणार ते बाळाला कळतं.

रडणाऱ्या बाळाला कडेवर घेऊन अंगणात फेऱ्या मारणारे आजोबा आपण पाहिले आहेत. जपानच्या रिकेन संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ साली हेच मोजलं. रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं संथ चाला. झोप लागली की लगेच खाली ठेवू नका. पाच ते आठ मिनिटं तसंच घेऊन बसा, मग ठेवा. ठेवायचं उताणं, सपाट आणि घट्ट अंथरुणावर. तोंडाजवळ उशी नको, पांघरुणाचा ढीग नको. झोळीत बाळ असेल तर जागं माणूस जवळ हवंच, कारण झोळीत मान दुमडते आणि कापड तोंडावर येतं. आणि एवढं सगळं करूनही बाळ रात्री उठेल. पोट लहान असतं, भूक लागते. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग मामू, माझ्यात काही कमी नाही ना?" अशा बाजारपेठेने आईला पहिल्यांदा काय विकलं असेल, तर ही शंका.

लोरीबद्दल एक गोष्ट सांगतो. विजापूरकडच्या सूफींनी काही शतकांपूर्वी दख्खनीत 'चक्कीनामा' आणि 'लोरीनामा' असे प्रकार रचले. एक जात्यावर दळताना म्हणायचा, दुसरा पाळणा हलवताना. त्यांना अध्यात्म सांगायचं होतं आणि ते त्यांनी बाईच्या हाताला आधीच असलेल्या लयीवर बसवलं. मराठीत आपल्या जात्यावरच्या ओव्यांचं नातंही तेच. हात आधी, शब्द मागून. बाळालाही शब्द मागून कळतात. तेव्हा "मला गाता येत नाही" असं कुणी म्हणू नका. बाळाला सूर तपासायचा नसतो, ओळखीचा आवाज हवा असतो.

पण श्रोतेहो, हे सगळं ज्या घरात एखादी रिकामी मांडी आहे त्या घराचं झालं. जिथे ती नाही तिथे काय?

मुंबईच्या गिरण्यांचा काळ आठवा. १९२२ च्या सुमाराला मुंबई सरकारने गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणांची पाहणी डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांकडून करून घेतली. त्यात दिसलं की या बायकांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बाळांना अफू दिली जात होती. बाळागोळी म्हणायचे तिला. आई दिवसभर गिरणीत, घरी सांभाळायला कुणी नाही, बाळाने झोपून राहावं म्हणून गोळी. त्या आयांना निर्दय म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही. बाळाजवळ बसायला माणूस नव्हतं, त्याची जागा गोळीने घेतली. अफूची ती झोप म्हणजे गुंगी होती. खेळून, पिऊन, थकून आलेली झोप वेगळी. सर्दीचं औषध झोपेसाठी पाजणारी घरं आजही आहेत, म्हणून हे सांगितलं. ते कधीही करू नका.

आजची गोळी खिशात असते. बाळ रडलं की मोबाइल. एकाच वेळी रंग, गाणं, हालचाल, सगळं आहे, मग हा संवेदनखेळ का नाही? कारण त्याला हात लावला तर काचच लागते. तेल नाही, ऊब नाही, वजन नाही, आणि बाळ हसलं तरी समोरचं चित्र त्याच्याकडे बघून हसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच मार्गदर्शिकेत वर्षाखालच्या बाळाला पडदा अजिबात नको असं म्हटलं आहे. २०१७ साली इंग्लंडमधल्या एका पाहणीत सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या सातशेवर पालकांना विचारलं. मूल दिवसाला जितके तास अशा पडद्याशी खेळतं, त्या दर तासामागे झोप सुमारे पाव तास कमी दिसली. मोबाइलनेच झोप गेली हे त्याने सिद्ध होत नाही. पण 'मोबाइल दिला की गप्प होतं' याचा अर्थ 'मोबाइल दिला की झोपतं' असा कुणी काढू नये.

आणि आमच्या भागातली गोष्ट सांगितल्याशिवाय मी थांबू शकत नाही. भूम, परंडा, वाशी आणि शेजारचा बीड जिल्हा. दसरा-दिवाळी झाली की इथून ट्रक, ट्रॅक्टर निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, ऊसतोडीला. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाची उचल आधीच घेतलेली. पहाटे तीन-चारला उठून फड गाठायचा. तान्हं बाळ बरोबर. फडाच्या कडेला तीन वासे उभे करून जुन्या साडीची झोळी, आणि ती हलवायला सात-आठ वर्षांची बहीण. शाळेतल्या मुलांसाठी गावात वसतिगृहं निघाली. दूध पिणारं बाळ वसतिगृहात राहत नाही. कारखान्यात पाळणाघर असावं हे १९४८ च्या कारखाने कायद्यातच आलं होतं, पण ऊस तोडला जातो तो कारखान्याच्या दाराबाहेर, शेतात.

सरकारने काही केलं नाही असं नाही. केंद्राच्या पाळणाघर योजनेला २०२२ पासून 'पाळणा' असं नाव आहे. २०२४ साली जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी 'नवचेतना' नावाचा आराखडा आला. घरातल्या भांड्या-कापडांनी बाळाशी कसं खेळायचं, हे त्यात महिन्यांप्रमाणे आहे. आपल्या राज्यात सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, एकात्मिक बालविकास योजना आणि युनिसेफ यांनी मिळून 'आरंभ' हा उपक्रम चालवला. त्यात अंगणवाडीत पालक मेळावे भरतात. एका टेबलावर मेंदूच्या वाढीची माहिती, एकीकडे टाकाऊतून केलेली खेळणी, आणि आई-बाप, आजी-आजोबा जमिनीवर बसून बाळाशी खेळतात. मला हा प्रकार मनापासून पटतो, कारण त्यात बापालाही मांडी घालून बसावं लागतं.

माझी एक सूचना आहे. आमच्याकडे असा मेळावा भरवायचा तर तो दसऱ्याच्या आधी भरवावा, गाड्या सुटण्यापूर्वी. आणि त्यात आईच्या शेजारी त्या सात-आठ वर्षांच्या बहिणीलाही बसवावं. तिने शाळेत असायला हवं, ते खरंच. त्यासाठी भांडायचं ते भांडूच. पण या हंगामात झोळीची दोरी तिच्याच हातात असणार आहे. बाळाचं तोंड कापडात तर नाही ना हे कसं बघायचं, जागं झालं की पाचटाच्या सावलीत वाकळीवर पालथं कसं टाकायचं, त्याच्याशी बोलायचं कसं, त्याने तोंड फिरवलं की थांबायचं कसं, हे तिला अर्ध्या तासात दाखवता येईल. फडावर तिच्याजवळ एक वाटी असते, एक चमचा असतो, उसाची हिरवी पानं असतात आणि आवाज असतो. आणि बाळ झोपलं की तिला स्वतःलाही थोडं खेळू द्यावं, हे मुकादमाला कुणीतरी सांगावं.